समोरून शिकलेला ताल

कानेझाने गॅरेजचं शटर वर ढकललं आणि आधी मोजलं. पांघरुणांखाली सात नगारे. भिंतीकडेला चार निळी प्लॅस्टिकची पिंपं, उपडी घातलेली. तेलाच्या रिकाम्या डब्यात तेरा टिपऱ्या. चौदावी गेल्या आठवड्यात पेर्पेत्यूच्या हातात मोडली होती. घडीच्या तीन खुर्च्या. आणि बायका, तिला स्वतःला धरून, चार.

"वेनांतकाका किती वाजता येणार म्हणाले?" क्लावेराने विचारलं. हाच प्रश्न तिने सकाळी फोनवरही विचारला होता.

"तीनला."

"म्हणजे चार," पेर्पेत्यू म्हणाली. "स्वतःच्या लग्नात सगळ्यांच्या मागून पोचलेला माणूस तो. कोन्सोलातामावशी चर्चच्या पायरीवर एकटीच उभी होती म्हणतात, हातात फुलं घेऊन."

एरवी हसू फुटलं असतं. आज क्लावेराने नुसती जपमाळ खिशात सरकवली. झुएना, चौघींतली सगळ्यात धाकटी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधत बसली.

पांघरुणं निघाली. लाकडाचा आणि जुन्या तुपाचा वास गॅरेजभर पसरला. कानेझाच्या बापाने, साल्वातोरने, हे नगारे मायदेशातून, बुजुंबुराहून, जहाजाने मागवले होते, एकेक करून. स्टीलच्या कारखान्यात पाळी करायची, पैसे साठवायचे, पत्र पाठवायचं, मग सहा-आठ महिने वाट बघायची. नऊ वर्षांत सात आले. इथल्या, वोलोंगाँगच्या समुद्राची हवा कातड्याला मानवत नाही, रात्रभरात ते सैल पडतं, म्हणून दर रविवारी सकाळी ते उन्हात आणावे लागत. ते काम लहानपणापासून कानेझाचं. नगारा मिठीत धरून कलता करायचा, बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत अंगणात न्यायचा, कातड्याला बोटभर तूप चोळायचं, आणि तर्जनीने एकदाच टिचकी मारून ताण बघायचा.

"बोटानं बघ," बाप म्हणायचा. "वाजवू नकोस."

त्याला जाऊन अकरा महिने झाले होते. येत्या शनिवारी दुखवटा उठायचा होता. त्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये सगळी बुरुंडी माणसं जमणार, जेवण होणार, नगारे वाजणार, आणि मग गेलेल्या माणसाला जायची मोकळीक मिळणार. मागे राहिलेल्यांनाही. पण साल्वातोरचे नगारे वाजवणारे हात उरले कुठे होते? दोघं पश्चिमेला खाणीत गेले होते, एकाची पाठ गेली होती, वेनांतकाकांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि बाकीच्यांना पोरांच्या फुटबॉलमधून सवड नव्हती. तेव्हा कानेझाने ही मागणी केली: आम्ही वाजवतो.

बाईने नगारा वाजवायचा नसतो. समोर उभं राहून टाळ्या द्याव्यात, नाचावं, हुंकार भरावा. टिपरी हातात घ्यायची नाही. वेनांतकाका, या शहरातल्या बुरुंडी लोकांचे वडीलधारे, तिचं ऐकून घेऊन म्हणाले होते, आधी मला ऐकवा. पसंत पडलं तर वाजवा. नाही पडलं तर ब्लॅकटाउनच्या नगारापथकाची पोरं ट्रेलर घेऊन येतील, शनिवारी तीच वाजवतील, आणि जाताना नगारेही घेऊन जातील. ज्या घरात पुरुष नाही त्या घरात नगारा नुसता कुजतो.

म्हणून चार महिने चौघी पिंपांवर शिकत होत्या. पिंप म्हणजे नगारा नव्हे, त्यामुळे नियम काही मोडला जात नव्हता. खऱ्या कातड्यावर आज पहिल्यांदा टिपरी पडणार होती.

"गंमत बघ," पेर्पेत्यू नगारा कलता करत म्हणाली. वृद्धाश्रमात माणसं उचलून उचलून तिचे दंड लोहारासारखे झाले होते. "उन्हात न्यायला बाई चालते. पुसायला चालते. तूप चोळायला चालते. डोक्यावर घेऊन डोंगर चढायलासुद्धा चालत होती. वाजवायचं म्हटलं की लगेच बाईपण आडवं येतं."

"हळू बोल," क्लावेरा म्हणाली. "देव ऐकतो."

"ऐकू दे की. त्यालाही कळू दे."

चार नगारे अंगणात मांडले: एक पुढे मध्यभागी, तीन त्याच्या मागे अर्धवर्तुळात. कानेझाने प्रत्येकाला टिचकी मारली. डावीकडचा अजून थोडा सैल होता. तो तिने हातभर सरकवून पूर्ण उन्हात आणला, पुन्हा टिचकी मारली, आणि तेवढ्यात गाडीचा आवाज आला. तीन वाजून पाच मिनिटं.

"आज जग बुडणार," पेर्पेत्यू पुटपुटली.

वेनांतकाका कोट घालून आले होते. मागोमाग कोन्सोलातामावशी, टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं पोटाशी धरून. मावशींनी कानेझाच्या गालाला गाल लावला, झुएनाच्या डोक्यावर हात ठेवला, पेर्पेत्यूला "जाड झालीस" म्हणाल्या आणि क्लावेराकडे पाहिलंही नाही. क्लावेरा त्यांच्याच प्रार्थनामंडळातली. ती या फंदात पडली हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

"घेवडा आणि केळी आहेत," मावशी म्हणाल्या. "वाजवून झालं की खा. म्हणजे घशाखाली काहीतरी उतरेल."

"मावशी, तुम्ही बसा ना खुर्चीवर. ऐका तरी."

"मला ऐकायचं नाही." पण त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. गॅरेजच्या तोंडाशी, सावलीत, पातेलं तसंच धरून उभ्या राहिल्या. "पोरींनो, एक सांगून ठेवते. लपून केलेलं निभतं. तेच चारचौघांत आणलं की घरं मोडतात."

"कोण लपून काय करतंय मावशी?" पेर्पेत्यूने विचारलं. "आम्ही तर भर उन्हात उभ्या आहोत."

वेनांतकाका खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि नगाऱ्यांकडे बघत राहिले. "साल्वातोरनं पाचवा नगारा मागवला तेव्हा मी त्याला वेडा म्हटलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, अरे, घर घे आधी. तर म्हणाला, छावणीत आपल्याकडे छप्पर नव्हतं पण नगारे होते ना? खरंच होते. टांझानियातल्या निर्वासित छावणीतली ती सगळी वर्षं आमचा एक रविवार चुकला नाही. पटकीच्या साथीत तर मी, साल्वातोर, सगळेच आडवे झालो होतो. पाच आठवडे. तरी दर रविवारी गवताच्या कुडामागून नगारे वाजले. माणसं म्हणायची, बुरुंड्यांचे नगारे वाजतायत म्हणजे अजून कुणीतरी उभं आहे."

"तुम्ही सगळेच आडवे होतात," झुएना म्हणाली, "मग वाजवले कुणी?"

"वाजवणाऱ्यांनी."

"म्हणजे कुणी, काका?"

"घेवडा गार होतोय," कोन्सोलातामावशी म्हणाल्या.

कानेझा मधल्या नगाऱ्यामागे गेली. तळवे तिने पँटला पुसले. शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करताना तिच्या हातून कधी थेंबभर इकडचं तिकडे होत नसे. आता तिने टिपऱ्या तेवढ्याच काळजीने उचलल्या. तिने मागच्या तिघींकडे एकदा पाहिलं, टिपरी उंच उचलली आणि हाणली.

पिंपाचा आवाज कानात जायचा. हा पोटात गेला. पुढच्या क्षणी मागून तीन नगारे आले आणि तिच्या पायाखालची फरशी हलली, निदान तिला तसं वाटलं. शेजारच्या कुंपणावरचे पांढरे काकाकुवे एकदम उडाले. पहिलं आवर्तन झालं, दुसरं झालं. क्लावेराचे डोळे मिटलेले होते पण हात चुकत नव्हते. पेर्पेत्यूच्या तोंडून आपसूक हुंकार निघाला. चौथ्या आवर्तनाला कानेझाला बापाचा चेहरा दिसला, घामाने निथळलेला, ओठ दुमडलेला, आणि तिच्या मनात आलं की जमतंय. खरंच जमतंय.

"थांबा," वेनांतकाका म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. ते उठून उभे राहिले आणि टोपी हलवली.

"थांबा!"

शेवटचा ठोका झुएनाचा, उशिरा पडलेला. मग नुसती समुद्राकडची गाज.

"पुन्हा सुरू कर," ते कानेझाला म्हणाले. "नुसतं पहिलं. बाकीच्यांनी नको."

तिने टिपरी उचलली.

"कोणता हात?"

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. डावा होता.

"तू डावखुरी?"

"नाही."

"पेर्पेत्यू, तू उचल. क्लावेरा. झुएना." तिघींच्या टिपऱ्या वर गेल्या. डावी, डावी, डावी. वेनांतकाका हळूच खाली बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते दमलेले दिसत होते. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणीच नाही. कोण शिकवणार? बघून शिकलो."

"कुठून बघून?"

कानेझा बोलणार होती, आणि बोलता बोलता तिला कळलं. टिपरी तशीच वर राहिली. समोरून. बायका नेहमी समोर उभ्या असतात. टाळ्या द्यायच्या, नाचायचं, ते सगळं नगाऱ्यांकडे तोंड करून. चौघींनी तीच रांग आयुष्यभर धरली होती आणि जे पाहिलं ते तसंच्या तसं उचललं होतं, आरशात बघून भांग पाडावा तसं. बापाची प्रत्येक आठवण चेहऱ्याची होती. त्याची पाठ, वाजवताना त्याचे खांदे मागून कसे दिसत, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. मागे उभं राहायची तिला परवानगी नव्हती.

"उलटं आहे सगळं," ती म्हणाली.

"उलटं आहे."

"पण आवाज? आवाजात काही फरक पडला का काका?"

"आवाज चांगला होता." हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "मला वाटलं नव्हतं इतका चांगला होता. पण पोरी, आपल्यात डाव्या हातानं कुणाला पाण्याचा पेलासुद्धा देत नाहीत. दुखवट्याच्या दिवशी पहिला ठोका घरच्या माणसाचा, आणि तो निरोप असतो. तू त्याची एकुलती एक. तू बापाला डाव्या हातानं घालवणार?"

चौघींच्या टिपऱ्या खाली आल्या.

"बाईनं वाजवावं की नाही, ते मी आज बोलणारच नव्हतो," काका म्हणाले. "घरातून निघताना ठरवलं होतं की तो विषय काढायचा नाही. पण हे वेगळं आहे. हे मी नाही करू शकत. साल्वातोरशी नाही."

"सहा दिवस आहेत," कानेझा म्हणाली. "मी बदलते."

"चार महिन्यांची सवय सहा दिवसांत?"

"बाकीच्यांचं राहू दे. पहिला ठोका माझा. मी एकटीनं बदललं तर चालेल?"

काकांनी मधल्या नगाऱ्याकडे बोट केलं. "पहिला ठोकाच नाही, प्रत्येक आवर्तनाची सुरुवात मधला नगारा देतो. दर वेळी उजवा लागेल." मग त्यांनी खिशातून फोन काढला. "मी ब्लॅकटाउनला सांगून ठेवतो. पोरांना ट्रेलर आधी ठरवावा लागतो." ते अंगणाच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्यांपाशी गेले, पाठ करून.

"प्रयत्न कर," क्लावेरा कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते.

कानेझाने टिपऱ्यांची अदलाबदल केली, जणू दोष लाकडाचा होता. मग वेड्यासारखं वाटलं म्हणून परत केली. "झुएना, तू मोज. वीस आवर्तनं. किती उजव्यानं सुरू झाली तेवढंच सांग."

"वीस कशाला? एकदा कर की नीट."

"एकदा जमलेलं जमलेलं नसतं."

पहिलं उजव्याने झालं. दुसरंही झालं. तिसऱ्याला तिने हाताकडे बघितलं आणि ताल घसरला, तालाकडे लक्ष दिलं तेव्हा डावा आपोआप वर गेला. मग तिने डावा हात मुद्दाम खाली रोखून धरला. उजवा उशिरा पडला, मागच्या तिघी अडखळल्या, पेर्पेत्यूने भलतीकडे ठोका हाणला आणि शिवी दिली. दहाव्याला कानेझाच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. ती थांबली नाही. अंगणाच्या टोकाकडून काकांचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता: शनिवार, सकाळी, सात आहेत, हो, सातही.

"झाली वीस," झुएना म्हणाली.

"किती?"

"सहा."

"आणि त्यातली पहिली दोन," पेर्पेत्यू म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच वाईट वाटलं. "अगं, मी एवढी वर्षं गाडी चालवतेय, अजून इकडच्या रस्त्यावर वायपर लावायला जाते आणि इंडिकेटर लागतो. हात कुणाला विचारून काम करत नाही."

कानेझाने टिपऱ्या पुन्हा उचलल्या. यावेळी नुसता पहिला ठोका: उजवा वर, खाली. उजवा वर, खाली. एकटा ठोका बरोबर पडत होता. आवर्तन जोडलं की सगळं बापाच्या समोरच्या चेहऱ्याकडे ओढलं जायचं.

"चुकतंय."

कोन्सोलातामावशींनी पातेलं कधी खाली ठेवलं ते कुणी पाहिलं नव्हतं. त्या गॅरेजच्या उंबऱ्यावर, टॉवेल हातात घेऊन उभ्या होत्या.

"कळतंय मावशी."

"नाही कळत तुला. हात चुकत नाहीये. तू त्याला बघतेयस."

"कुणाला?"

"साल्वातोरला. तुझ्या डोळ्यांपुढे तो समोर उभा आहे ना?"

कानेझाने मान हलवली.

मावशींनी अंगणाच्या टोकाकडे पाहिलं. नवऱ्याची पाठ, फोन कानाला. त्यांनी टॉवेलाने हात पुसले, एकेक बोट, बराच वेळ, जणू ते पिठाने माखले होते. मग उन्हात आल्या आणि मधल्या नगाऱ्यापाशी हात पुढे केला.

"दे."

कानेझाने टिपऱ्या दिल्या.

"आता माझ्यासमोरून बाजूला हो. समोर नाही उभं राहायचं. मागं जा. त्या नगाऱ्यामागं, झुएनाच्या जागी. हां, तिथं. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. माझ्या खांद्याकडे बघ. माझा उजवा तो तुझा उजवा. दुसरं काही नाही."

"मावशी, हा खरा नगारा आहे," क्लावेरा घाबरून म्हणाली. "पिंप तिकडे..."

"मला आंधळी समजतेस?" कित्येक आठवड्यांत त्यांनी क्लावेराशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. "टिपरी सैल धर. तू तर कुऱ्हाड धरल्यासारखी धरतेस."

त्यांनी पाय फाकवले, चपला काढून बाजूला सारल्या, लुगड्यासारखं गुंडाळलेलं वस्त्र गुडघ्याशी जरा वर ओढून कमरेला खोचलं, आणि उजवा हात वर गेला. उशीर न करता, घाई न करता. ठोका पडला. तो कानेझाच्या ठोक्यापेक्षा मोठा नव्हता, पण त्याला बूड होतं. पाठोपाठ डावा, पुन्हा उजवा, कडेवर हलकी टकटक, आणि आवर्तन मिटताना मनगटाचा तो झटका, जो कानेझाने बापाच्या हाती हजारदा पाहिला होता आणि चार महिने घासूनही तिला साधला नव्हता. साठीच्या त्या बाईच्या पाठीतून ताल उतरत होता, मानेपासून खाली, सवयीच्या वाटेने.

पेर्पेत्यूचं तोंड उघडं राहिलं होतं. झुएनाने विचारायला ओठ हलवले. क्लावेराने तिचं मनगट धरलं.

अंगणाच्या टोकाला वेनांतकाका वळले.

ते फोन कानाला लावूनच चार पावलं आले आणि थांबले. फोनमधून कुणीतरी "काका? काका, ऐकताय ना?" म्हणत होतं. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या वाजवत राहिल्या. काकांच्या उजव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर हलायला लागली होती, आवर्तनाच्या शेवटी, नेमक्या त्या झटक्याला. कानेझाला ते दिसलं, आणि तिने नजर चटकन मावशींच्या खांद्याकडे नेली.

"ट्रेलर नको आणूस," काका फोनमध्ये म्हणाले. "नको म्हटलं ना. जेवायला या सगळे. ... कारण काय विचारतोस? नको म्हणजे नको."

फोन खिशात गेला. ते खुर्चीपर्यंत आले, पण बसले नाहीत. टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

"कोन्सोलाता," ते म्हणाले.

"काय?"

"कडेचा ठोका घाईत जातोय."

"तुमचा खांदा बरा झाला की दाखवा मग," मावशी म्हणाल्या. हात थांबला नाही. "कानेझा, बघत काय राहिलीस? उचल."

कानेझाने झुएनाच्या टिपऱ्या उचलल्या. पुढे एक पाठ होती, घामाने ब्लाउजवर नकाशासारखा डाग पडलेली, आणि दोन खांदे. उजवा वर गेला की तिचा उजवा वर जायचा होता, बस्स. मध्ये कुणाचा चेहरा नव्हता. पहिली तीन-चार आवर्तनं ती नुसती ओढल्यासारखी मागे मागे गेली. मग मावशींनी वाजवता वाजवताच अर्धं पाऊल बाजूला घेतलं, मग आणखी अर्धं, आणि मधल्या नगाऱ्याच्या मागची जागा मोकळी झाली.

"ये. थांबू नकोस, चालत ये."

ती आली. खांद्याला खांदा लागत होता. मावशींनी आपल्या टिपऱ्या मागे झुएनाकडे दिल्या, पण गेल्या नाहीत. तिच्या किंचित पुढे, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि रिकाम्या हातांनी हवेत वाजवू लागल्या.

"झुएना," कानेझा म्हणाली. "मोज."

मागचे तीन नगारे लागले. काकाकुवे परत कुंपणावर येऊन बसले होते, ते पुन्हा उडाले. पलीकडच्या घराच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं आणि पडदा बाजूलाच ठेवून उभं राहिलं. सातव्या आवर्तनाला मावशींचे हात खाली आले आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. कानेझाला वाटलं आता गेलं. आठवं डाव्याने सुरू झालं. नववं तिने दातओठ खाऊन उजव्याने ओढून आणलं. वेनांतकाका खुर्चीच्या पाठीवर एका हाताने ठेका धरून उभे होते आणि जमिनीकडे बघत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

थांबल्या तेव्हा ऊन नगाऱ्यांवरून सरकून कुंपणापर्यंत गेलं होतं. क्लावेरा मटकन जमिनीवर बसली. पेर्पेत्यूने फँटाची बाटली उघडून आधी मावशींपुढे धरली, उजव्या हाताने, डावा कोपराला लावून, मोठ्या माणसाला देतात तशी. मावशींनी घेतली आणि एका दमात अर्धी संपवली.

"किती?" कानेझाने विचारलं.

झुएनाने बोटं पुन्हा एकदा मोजून पाहिली.

"वीसपैकी सतरा."